ती खालची पाने कोण वाचतो?

वेबसाइट करून घेणारा मालक आणि ती करून देणारा डिझायनर यांच्यात रंगावरून, फोटोंवरून, अक्षरांच्या आकारावरून आठवडाभर वाद चालतात. एका गोष्टीवर मात्र दोघांचे पाच मिनिटांत एकमत होते. ‘आमच्याविषयी’, ‘संपर्क’, ‘परतावा आणि रद्द करण्याचे नियम’, ‘गोपनीयता धोरण’, ‘तक्रार कुठे करावी’ ही पाने सगळ्यात शेवटी करायची, वेळ उरला तर करायची आणि कुठून तरी उचलून टाकायची. कारण विचारले की उत्तर ठरलेले: ‘ती खालची पाने कोण वाचतो?’

छोट्या उद्योजकांच्या कार्यशाळांत मी हा प्रश्न ऐकला आहे, शिक्षणसंस्थांच्या बैठकांत ऐकला आहे, ग्रंथालयाच्या कार्यकारिणीतही ऐकला आहे. विचारणारे लोक लबाड नसतात. मनापासून धंदा करणारे, संस्था चालवणारे लोक असतात. म्हणूनच या मताचा राग येतो. लबाड माणसाने पत्ता लपवला तर त्यात नवल नाही. सचोटीचा माणूस पत्ता लिहायचा राहून गेला म्हणतो आणि त्यात काही चुकले असे त्याला वाटतही नाही, तेव्हा ग्राहकाला सज्जन आणि भामटा ओळखण्याची शेवटची खूणही नाहीशी होते.

या मताची बाजू आधी पुरती मांडतो, कारण ती अगदीच पोकळ नाही. माणूस वेबसाइटवर वस्तू घ्यायला येतो, करारनामा वाचायला नाही. धोरणांची पाने वकिली भाषेत असतात आणि ती लिहिणाऱ्यालाही कळत नाहीत. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी २००८ मध्ये हिशेब मांडला होता की, सर्वसामान्य अमेरिकन माणसाने आपण वापरतो त्या प्रत्येक वेबसाइटचे गोपनीयता धोरण वाचायचे ठरवले, तर वर्षाला २०० हून अधिक तास लागतील. २०१७ मध्ये मँचेस्टरच्या ‘पर्पल’ या वायफाय कंपनीने आपल्या अटींत सार्वजनिक संडास साफ करण्याचे कलम मुद्दाम घुसडले. २२,००० लोकांनी त्यावर ‘मान्य’ केले आणि केवळ एकाने ते कलम पकडले. शिवाय आता सगळा व्यवहार व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्रामवर होतो. छोट्या माणसाकडे वकील नसतो. मोबाईल नंबर जाहीर केला की लोक रात्री अकराला फोन करतात. मग ही उठाठेव कशासाठी?

पहिला मुद्दा वाचण्याचा. ही पाने रोज कुणी वाचत नाही, हे मान्य. पण ती रोज वाचण्यासाठी नसतातच. पार्सल दहा दिवस आले नाही, क्लासने बॅच बंद केली, ट्रेक रद्द झाला, खात्यातून पैसे दोनदा गेले, त्या दिवशी माणूस पान खाली सरकवत सरकवत तळाशी येतो. त्या दिवशी त्याला फोटो नको असतो, घोषवाक्य नको असते. त्याला एक नाव, एक पत्ता, एक नंबर आणि पैसे किती दिवसांत परत मिळतील याचे एक वाक्य हवे असते. हजार ग्राहकांतल्या दहांनाच ते पान लागत असेल. पण त्या दहांसाठी ते त्या वेबसाइटवरचे सर्वांत महत्त्वाचे पान असते. भेटींची आकडेवारी पाहून ‘या पानावर कुणी येतच नाही’ म्हणणाऱ्यांना माझे विचारणे आहे की, आलेल्या दहांचे काय झाले हे तुम्ही कधी पाहिले का?

आणि लोक वाचत नाहीत, हे तरी सरसकट खरे आहे का? महाराष्ट्रातला मध्यमवर्गीय माणूस आयुष्यात एकदा सगळ्यात मोठी खरेदी करतो ती घराची. बिल्डरच्या वेबसाइटवर जलतरण तलाव असतो, हिरवळ असते, हसणारे कुटुंब असते. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम ११ ने विकसकाला प्राधिकरणाच्या वेबसाइटवर आपल्या प्रकल्पाचे पान उघडणे आणि त्यावर नोंदणी, मिळालेल्या मंजुऱ्या, किती सदनिकांचे बुकिंग झाले, काम कुठवर आले हे दर तिमाहीला भरणे बंधनकारक केले. १ मे २०१७ पासून महारेरा या राज्याच्या प्राधिकरणाचे काम सुरू झाले. त्या पानावर एकही आकर्षक फोटो नाही. मांडणी रुक्ष आहे, शोधायला वेळ लागतो, कागदपत्रे हळू उघडतात. तरी आज डोंबिवलीत, वाकडला, नाशिकच्या पाथर्डी फाट्यावर फ्लॅट पाहायला जाणारे जोडपे बुकिंगची रक्कम देण्याआधी महारेराचा क्रमांक टाकून ते पान उघडते, ताबा देण्याची तारीख पाहते, प्रकल्पावर खटला आहे का ते पाहते. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा झाला, तो याच पानावर नेण्यासाठी. ज्या पानात माणसाच्या पैशाचा आणि भवितव्याचा प्रश्न आहे आणि ज्यात खरी माहिती आहे, ते पान लोक वाचतात. तुमचे पान कुणी वाचत नसेल, तर त्यात वाचण्याजोगे काय लिहिले आहे, हे आधी पाहा.

कार्नेगी मेलनचा हिशेब आणि मँचेस्टरचा प्रयोग यांतून निघतो तो निष्कर्षही हाच. चाळीस परिच्छेद, प्रत्येकात तीन उपकलमे आणि प्रत्येक उपकलमात ‘यांसह परंतु इतकेच मर्यादित नाही’ असे लिहून ठेवायचे, मग कुणी वाचले नाही की वाचकाला आळशी म्हणायचे! दोष कुणाचा? डॉक्टरची चिठ्ठी रोग्याला वाचता येत नाही म्हणून चिठ्ठीच देऊ नका, असे आपण म्हणतो का? आपण म्हणतो, अक्षर सुधारा.

आता पत्त्याचा आणि फोनचा प्रश्न. ‘नंबर दिला की त्रास होतो.’ होतो. पण नंबर दिला नाही तर तो त्रास नाहीसा होत नाही, तो ग्राहकाकडे जातो, आणि तिथून भामट्याकडे. कंपनीच्या वेबसाइटवर नंबर सापडत नाही, तेव्हा माणूस सर्च इंजिनमध्ये कंपनीचे नाव आणि ‘कस्टमर केअर’ असे शब्द टाकतो. समोर जो नंबर येतो तो लावतो. पलीकडून गोड आवाज येतो, एखादे अ‍ॅप उतरवून घ्यायला सांगतो, ओटीपी विचारतो आणि खाते रिकामे होते. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये फसवणुकीच्या प्रकारांवर एक पुस्तिका काढली, तिच्यात सर्च इंजिनवरच्या खोट्या नंबरांचा हा प्रकार स्वतंत्रपणे दिला आहे. या चोरीत चोर मुख्य गुन्हेगार आहे, यात शंका नाही. पण आपला खरा नंबर चार पाने आत दडवून ठेवणाऱ्या किंवा केवळ एक चॅटबॉट समोर उभा करणाऱ्या कंपनीने चोराला जागा मोकळी करून दिली, हेही तितकेच खरे आहे. आपल्या ओळखीतल्या किती ज्येष्ठ माणसांना असा फटका बसला आहे, हे वाचकांनी आठवून पाहावे.

आणखी एक बदल फारसा कुणी लक्षात घेतला नाही. पूर्वी वेबसाइटवर पत्ता नसला तरी डोमेन कुणाच्या नावावर आहे हे ‘हूइज’ नावाच्या सार्वजनिक नोंदीत पाहता येत असे. मे २०१८ मध्ये युरोपचा डेटा संरक्षणाचा कायदा लागू झाल्यावर बहुतेक नोंदणी कंपन्यांनी त्या नोंदीतली मालकांची नावे झाकून टाकली. व्यक्तीच्या खासगीपणाच्या दृष्टीने ते योग्यच झाले. पण त्यामुळे पैसे घेणारी वेबसाइट कुणाची आहे हे सांगणारी जागा आता एकच उरली: त्या वेबसाइटवरचे ‘संपर्क’ हे पान. ते कोरे असेल तर तक्रार नेमकी कुणाविरुद्ध करायची? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला मोठी सोय करून दिली की तो राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार दाखल करू शकतो. साताऱ्याच्या ग्राहकाला दिल्लीला जावे लागत नाही. पण आयोगाने नोटीस पाठवायची म्हटली तर समोरच्याचे नाव आणि पत्ता लागतोच. इन्स्टाग्रामच्या हँडलला नोटीस बजावता येत नाही.

कायद्याची भाषा इथे संदिग्ध नाही. जुलै २०२० मध्ये लागू झालेले ई-कॉमर्सचे नियम सांगतात की, ऑनलाइन विक्री करणाऱ्याने आपले कायदेशीर नाव, मुख्यालयाचा आणि शाखांचा पत्ता, ग्राहक सेवेचे आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे संपर्क तपशील ठळकपणे द्यावेत. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हावे. हे नियम फक्त अवाढव्य कंपन्यांसाठी आहेत, असा समज पसरला आहे तो चुकीचा आहे. नियमित, व्यावसायिक स्वरूपात विक्री न करणाऱ्या खासगी व्यक्तीला त्यांतून वगळले आहे. दिवाळीत फराळाच्या शेकडो ऑर्डरी दरवर्षी घेणारा उद्योग त्या सवलतीत बसत नाही.

जर्मनीत राहणाऱ्या मराठी वाचकांना ‘इम्प्रेसुम’ हे पान ठाऊक असेल. तिथे व्यावसायिक वेबसाइटवर चालकाचे नाव, टपालाचा पत्ता, संपर्क यांचे हे पान कायद्याने असावेच लागते, आणि ते सहज सापडले पाहिजे. दोन क्लिकमध्ये तिथे पोचता आले तर ते पुरेसे आहे, असे तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २००६ मध्येच सांगून ठेवले आहे. तिथले छोटे उद्योग या एका पानामुळे बुडालेले नाहीत.

पण आपल्याला जर्मनीचा दाखला तरी कशाला हवा? मराठी वाचकाच्या हातात दीडशे वर्षे जे छापील पान आले, त्याच्या तळाशी काय असते? मुद्रक कोण, प्रकाशक कोण, संपादक कोण, कुठे छापले आणि कुठून प्रसिद्ध केले. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकावर आणि वृत्तपत्रावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण घालणे बंधनकारक केले. सरकारला लेखकांवर नजर ठेवायची होती, हा त्यामागचा हेतू उघड होता. आपल्या संपादकांनी त्याच ओळीचा अर्थ बदलून टाकला. १८८२ मध्ये कोल्हापूर संस्थानाच्या प्रकरणात तिथल्या दिवाण बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला, तेव्हा ‘केसरी’चे संपादक आगरकर आणि ‘मराठा’चे संपादक टिळक यांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. छापलेल्या मजकुराची जबाबदारी म्हणून तुरुंग वाट्याला आला. बाहेर आल्यावर त्यांनी ती जबाबदारी झटकली नाही. नियतकालिकांसाठी आता २०२३ चा नवा कायदा आला आहे, पण जबाबदार कोण हे अंकावर छापण्याची रीत चालूच आहे. तुरुंगाची शक्यता समोर असताना लोकांनी पानाच्या तळाशी नाव छापले, आणि आपण रात्री अकराचा फोन नको म्हणून नाव गाळतो?

उचललेल्या मजकुराबद्दल मला अधिक सविस्तर बोलायचे आहे, कारण हा रोग आता सर्वत्र आहे. कोकणातल्या घरगुती निवासाच्या वेबसाइटवर मी अशा अटी पाहिल्या आहेत ज्यांत वादांवर अमेरिकेतल्या डेलावेअर राज्याचे कायदे लागू होतील असे लिहिले आहे. गोपनीयता धोरणात मध्येच दुसऱ्याच कंपनीचे नाव राहून गेलेले पाहिले आहे. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेकडून दोन मिनिटांत हा मजकूर लिहून घेतात, त्यामुळे व्याकरणाच्या चुका गेल्या, पण पोकळपणा तसाच राहिला. कारण प्रश्न भाषेचा कधीच नव्हता. तुमच्या धंद्यात काय बिघडते आणि बिघडल्यावर तुम्ही काय करता, हे फक्त तुम्हाला माहीत असते. ते दुसऱ्या कुणाच्या वेबसाइटवरून कसे उचलून आणणार?

हापूसचेच पाहा. एप्रिल-मेमध्ये किती वेबसाइट पेटी घरपोच देतात! ‘परतावा’ या पानावर बहुतेक ठिकाणी एकच ओळ: नाशवंत माल असल्याने परत घेतला जाणार नाही. आता हापूसची खरी अडचण काय आहे, हे कोकणातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. साका. फळ बाहेरून पिवळेधमक, वास घमघमीत, आणि कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा आंबट गर. बाहेरून तो दिसत नाही, बागायतदारालाही दिसत नाही. म्हणजे तो कुणाची लबाडी नाही, पण नुकसान मात्र ग्राहकाचे. मग साका निघाला तर काय? डझनात किती फळांपर्यंत ग्राहकाने सोसायचे आणि त्यापुढे बदली फळे मिळणार की पैसे? फोटो किती दिवसांत पाठवायचा? पेटी कच्ची पाठवता की पिकलेली, आणि कच्ची असेल तर आढी किती दिवस ठेवायची? वाहतुकीत फळ दबले तर जबाबदारी कुणाची? या पाच प्रश्नांची उत्तरे पाच वाक्यांत लिहिली की जगातला कुठलाही वकील लिहू शकणार नाही असे पान तयार होते. त्या पानाचा फायदा बागायतदारालाच होतो. आठ दिवसांनी ‘सगळेच आंबे वाईट होते’ असा फोन आला तर दाखवायला त्याच्याकडे काही असते.

आणि ‘आमच्याविषयी’? २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या जिल्ह्यांतला आंबाच हापूस म्हणून विकता यावा, म्हणून हा लढा झाला. परराज्यातला आंबा देवगडच्या नावाने खपतो, ही बागायतदारांची दरवर्षीची तक्रार आहे आणि ती रास्त आहे. मग खऱ्या बागायतदाराच्या वेबसाइटवर ‘परंपरा आणि विश्वास यांचा संगम’ एवढेच कसे असते? बाग कुठल्या गावात आहे, कलमे किती वर्षांची आहेत, मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी क्रमांक काय आहे, हे लिहायला कुणी अडवले आहे? ‘परंपरा आणि विश्वास’ हे शब्द भेसळ करणाऱ्यालाही लिहिता येतात. नोंदणी क्रमांक त्याला लिहिता येत नाही.

हीच गोष्ट पावसाळी ट्रेक नेणाऱ्या संस्थांची. जोरदार पावसात जिल्हाधिकारी धबधब्यांवर आणि गडांवर बंदीचा आदेश काढतात, हे दरवर्षी होते. आदेश निघाला तर पैसे परत, की पुढची तारीख, की काहीच नाही? हे वाक्य नसलेली वेबसाइट लोकांकडून आगाऊ पैसे घेते, तेव्हा गोंधळ आधीच ठरलेला असतो. त्यातून सर्वांत वाईट गोष्ट म्हणजे, पैसे परत द्यावे लागतील या धास्तीने आयोजक धोका पत्करून निघतो. रद्द करण्याचा नियम आधी लिहिला असेल तर गड सोडून परत फिरण्याचा निर्णय सोपा होतो. इथे हे पान जिवाशी जोडलेले आहे.

‘माल परत घेणार नाही’ असे लिहून टाकले की आपण सुटलो, असे ज्यांना वाटते त्यांनी ग्राहक कायद्याचे कलम २(४७) वाचावे. सदोष माल बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलीच नसेल तर तीस दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. म्हणजे तुम्ही नियम लिहिला नाहीत तर कायद्याने तुमच्यासाठी लिहून ठेवला आहे. तो तुमच्या सोयीचा असेलच असे नाही.

‘छोट्या माणसाला हे परवडत नाही’ या वाक्यात छोट्या माणसाबद्दल कळवळा दिसतो, पण ते त्याच्या हिताचे नाही. मोठ्या कंपनीने पत्ता दिला नाही तरी लोक तिचे नाव ओळखतात. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ विकणाऱ्या बचतगटाला, औरंगाबादची हिमरू शाल विणणाऱ्याला, अनोळखी ग्राहकाचा विश्वास पहिल्या भेटीत मिळवायचा असतो. त्याच्याकडे जाहिरातीचे पैसे नाहीत. खरे नाव, खरा पत्ता, स्पष्ट नियम एवढेच भांडवल आहे, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. एका संध्याकाळी घरच्या मंडळींनी बसून लिहिण्याचे हे काम आहे.

उलट मोठ्यांनीच ही पाने कशी बिघडवली ते पाहा. सदस्यत्व घ्यायला एक बटण, सोडायला सहा पायऱ्या. शेवटच्या पायरीला अचानक वाढलेली किंमत. टोपलीत न मागता आलेली वस्तू. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला अशा १३ प्रकारच्या फसव्या रचनांवर बंदी घातली. या रचनांमागे गृहीतक तेच आहे: नियमांचे पान कुणी वाचत नाही, मग तिथे काहीही दडवा. जे मत छोटा डिझायनर भोळेपणाने बोलतो, त्याच मतावर मोठ्या कंपन्यांनी कमाई केली आहे.

मराठीचा मुद्दा तर मला सगळ्यात जास्त बोचतो. जाहिरात मराठीत, घोषवाक्य मराठीत, वर्षाच्या सणांच्या शुभेच्छा मराठीत, आणि पैसे कापण्याच्या, माहिती वापरण्याच्या, वाद सोडवण्याच्या अटी मात्र इंग्रजीत. दुकानाची पाटी देवनागरीत हवी म्हणून आपण २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती करवली, त्यासाठी प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि व्यापाऱ्यांना मुदत देऊन पाट्या बदलून घेतल्या गेल्या. पाटी वाचून माणूस दुकानात शिरतो. आत शिरल्यावर ज्या कागदावर त्याची संमती घेतली जाते त्या कागदाच्या भाषेबद्दल आपण एवढा आग्रह का धरला नाही? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने हा हक्क लिहून दिला आहे: संमती मागताना दिलेली सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कुठल्याही भाषेत पाहण्याचा पर्याय माणसाला मिळाला पाहिजे. मराठी त्या २२ भाषांत आहे. त्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होणार आहे, आणि माहितीच्या सुरक्षेत कसूर झाली तर दंडाची मर्यादा २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. मराठी संस्थांनी कायद्याची तारीख उजाडण्याची वाट का पाहावी? सभासदांचे आधार क्रमांक, जन्मतारखा, फोटो घेऊन ठेवणारी पतसंस्था, वधू-वर सूचक मंडळ, शाळा यांनी ‘तुमची ही माहिती आम्ही घेतो, इतकी वर्षे ठेवतो, या व्यक्तीला दाखवतो, काढून टाकायची असेल तर यांना सांगा’ ही चार वाक्ये मराठीत आजच लिहावीत.

शासनाच्या वेबसाइटांचेही याहून वेगळे नाही, आणि तिथे तर ‘कोण वाचतो’ असे म्हणण्याचा अधिकारच कुणाला नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(१)(ख) खाली प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने १७ बाबी स्वतःहून प्रसिद्ध करायच्या आहेत. अधिकाऱ्यांचे अधिकार आणि कर्तव्ये, निर्णयाची पद्धत, अनुदानाचे लाभार्थी, जन माहिती अधिकाऱ्याचे नाव, सगळे त्यात आले. कायदा झाल्यापासून १२० दिवसांची मुदत होती. ती २००५ मध्येच संपली. आजही कितीतरी कार्यालयांच्या वेबसाइटवर बदली होऊन गेलेल्या अधिकाऱ्याचे नाव असते आणि फोन उचलला जात नाही. पहिल्या पानावर मात्र मंत्र्यांचे फोटो ताजे असतात. शासनाला हे जमत नाही असेही नाही. प्रत्येक शासन निर्णयाच्या शेवटी छापले जाते की हा निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध आहे आणि त्याचा संकेतांक अमुक आहे. त्या संकेतांकाने गावातला कार्यकर्ताही जुना निर्णय शोधून काढतो आणि तहसीलदाराच्या टेबलावर ठेवतो. एक साधे, न सजवलेले पान नागरिकाच्या हातात किती बळ देते, याचा पुरावा शासनानेच तयार केला आहे. मग बाकीची पाने अशी का नाहीत?

राहिला व्हॉट्सअ‍ॅपचा मुद्दा. चॅटमध्ये एका ग्राहकाला एक सांगता येते आणि दुसऱ्या ग्राहकाला दुसरे, आणि पाठवलेला संदेश मागाहून काढूनही टाकता येतो. सर्वांना सारखा लागू असणारा, आधी जाहीर केलेला नियम तिथे राहू शकत नाही. खाते बंद पडले तर सगळेच गेले.

वेबसाइटच्या पहिल्या पानावर तुम्ही स्वतःबद्दल काय बोलता, याला फारशी किंमत नाही, कारण तिथे सगळेच चांगले बोलतात. तुम्हाला कुठे धरायचे, हे जिथे लिहिले आहे ती पाने म्हणजे तुमची वेबसाइट. ती पाने नसतील तर वरचे सगळे बांधकाम निनावी आहे, मग त्यावर कितीही खर्च केलेला असो. डिझायनर मंडळींनी नाव, पत्ता, परतावा, माहितीचा वापर आणि तक्रार अधिकारी ही पाने लिहून मिळेपर्यंत पैसे भरण्याचे बटण सुरू करू नये. आपल्या व्यवसायाचा हा किमान नियम मानावा. मालकांनी ती स्वतःच्या शब्दांत, मराठीत लिहावीत आणि वर्षातून एकदा वाचून दुरुस्त करावीत.

आणि वाचकहो, पुढच्या वेळी ऑनलाइन पैसे भरण्याआधी पान तळापर्यंत सरकवा. नाव, पत्ता आणि परताव्याचा नियम सापडला नाही तर तिथे खरेदी करू नका, आणि का केली नाही ते त्यांना कळवा. अडचण आली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पैशांची फसवणूक झाली असेल तर एक तासही न दवडता १९३० वर फोन करा.